हलका हात

माधवनगरात बाळंतपण ठरलं की दोन ठिकाणी नाव घालून ठेवावं लागतं. एक सांगली-मिरजेतल्या दवाखान्यात, दुसरं मालिशवाल्या मावशींकडे. दवाखान्यात कॉट मिळतेच, मावशींचं मात्र सांगता येत नाही. म्हणून सातवा लागला की मुलीची आई स्वतः जाऊन सांगून येते, "आक्का, दसऱ्याच्या म्होरं-मागं हाय बगा. तुमालाच यायचं हाय." आक्का बोटांच्या पेरांवर हिशेब करतात. सकाळची चार घरं त्या धरतात, पाचवं धरत नाहीत. चार बाळंतिणी झाल्या की हात थकतो, आणि थकलेला हात जड पडतो.

हे प्रकरण त्या जड आणि हलक्या हाताबद्दल आहे.

'बाळ-बाळंतिणीचं तेलपाणी' म्हणताना फक्त तेल आणि पाणी एवढंच ऐकू येतं, पण काम दीड तासाचं असतं. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्या पायांवर बाळाला घ्यायचं, टाळूवर तेल घालायचं, न्हाऊ घालायचं. बाळ दुपट्यात गुंडाळून झोपलं की मग आईची पाळी. चटईवर जुनं लुगडं अंथरलेलं, तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली. तेल ज्या त्या मुलखाचं आणि ऐपतीचं: कोकणात खोबरेल, इकडे तीळ, करडई नाहीतर शेंगदाण्याचं, आणि वैद्यांना विचारून चालणाऱ्या घरात बला तेल. तळपायापासून सुरुवात, मग पाय, कंबर, पाठ, खांदे, शेवटी डोकं. तेल अंगात जिरेपर्यंत पडून राहायचं. त्यानंतर डाळीचं पीठ आणि हळद लावून कढत पाण्याची अंघोळ. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाळंतिणीच्या अंगाला ती त्याच्या कैक पिढ्या आधीपासून लागते आहे. अंघोळीनंतर पोट बांधायचं, कानात कापूस घालायचा, की बाळंतीण झोपायला मोकळी. असं सव्वा महिना.

पूर्वी हे काम सुईणीचं होतं, आणि बाळंतपणही तीच करायची. सोयराचे दहा दिवस घरातल्या कुणी बाळंतिणीला शिवायचं नाही अशी रीत अनेक घरांत होती. शिवायची ती सुईण, आणि ती बहुधा अशा जातीतली असायची की एरवी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबवलं जायचं. माझ्या मते आपल्या बाळंतघरातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच होती. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या अंगाला रोज हात लावणारं माणूस सबंध घरात एकच, आणि तेही बाहेरचं.

बाळंतपण घरातून दवाखान्यात जायला या भागात लवकर सुरुवात झाली. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं आणि मिरज हे दूरदूरच्या रुग्णांचं गाव झालं. तरी खेड्यापाड्यांतल्या सुईणीचं काम पुढं शंभर वर्षं चालूच राहिलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होण्यासाठी पैसे मिळू लागले, आणि चित्र झपाट्यानं पालटलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होतात. सुईणीच्या हातून नाळ कापण्याचं काम गेलं, तेलाची वाटी मात्र राहिली. आजच्या मालिशवाल्या मावशी म्हणजे अर्धं काम उरलेली सुईण. दवाखाना बाईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवतो. तिथून पुढं सव्वा महिना तिचं शरीर रोज बघणारं कुणी असेल, तर ह्या मावशीच.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. महाराष्ट्रात चारांतल्या एका बाईचं सिझर होतं. मावशींनी आपल्या आईकडून किंवा सासूकडून जी मालिश उचलली, ती टाके नसलेल्या पोटासाठी होती. तेवढ्यानं बरंच काही बदलतं, ते पुढं येईल.

आधी हलक्या हाताचं शास्त्र. आपल्या कातडीखाली स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू एकाच जातीचे नसतात. काही वेगवान असतात. बोटाला काय लागलं, कुठं लागलं, हे ते क्षणात मेंदूला कळवतात. पण केसाळ कातडीत, म्हणजे हातापायांवर आणि पाठीवर, अगदी मंद वाहणारे तंतू असतात. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा माणसात पाठपुरावा केला. हे तंतू सर्वांत जास्त जागे होतात ते सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगानं, कातडीइतक्याच उबदार हातानं कुरवाळल्यावर. काय लागलं हे ते सांगत नाहीत, बरं वाटलं एवढंच सांगतात. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते तो नेमका ह्याच वेगानं. मावशी तेल जिरवताना तळहात सावकाश मांडीवरून खाली आणतात, तेव्हा त्यांनाही तोच वेग सापडलेला असतो. रगडून निघणारं दुखणं वेगळं आणि ह्या स्पर्शानं उतरणारा ताण वेगळा. आपल्याकडे मालिशीत दोन्हींना 'चोळणं'च म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. सासूबाई दारातून सांगतात, "जरा जोर लावा, पैसे कशाचे देतोय?" आणि मावशी, पोटासाठी, जोर लावतात.

गरोदरपणात तर आपल्याकडे मालिश जवळजवळ नव्हतीच. पोटुशीच्या पोटाला हात लावू नये, कंबर दाबू नये, असा धाकच होता. पोटापुरता तो धाक अजूनही योग्य आहे. पण पाठीचं काय? पोट पुढं येतं तशी कंबरेची कमान वाढते, आणि रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे ओटीपोटाच्या हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात. बाईचं वजन दहा-बारा किलोंनी वाढलेलं असतं आणि तो भार पेलायचा ह्या ढिल्या सांध्यांनी. सातव्यानंतर कुशीवर वळताना अंगातून कळ निघते, ती ह्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या गरोदरपणाच्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी नियमित व्यायाम सुचवला आहे आणि जोडीला फिजिओथेरपी, आधारपट्टा असे पर्याय दिले आहेत. हलकी मालिश ह्या यादीच्या शेजारी बसते. तिनं सांधे घट्ट होत नाहीत, पण आखडलेले स्नायू सुटतात आणि झोप लागते. नवव्यात झोप लागणं ही लहान गोष्ट नव्हे.

पहिल्या तीन महिन्यांत पाठ-खांद्यांच्या हलक्या मालिशीनं गर्भ पडतो, असा काही पुरावा नाही. तरी त्या काळात कुणी हात लावायला तयार नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही. ह्या महिन्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं, आणि पडला की खापर शेवटच्या हातावर फुटतं.

विसाव्या आठवड्यानंतर मात्र एक नियम कुणीही मोडू नये. बाईला सपाट उताणी झोपवून मालिश करायची नाही. वाढलेलं गर्भाशय पाठीच्या कण्याशेजारून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. रक्त कमी परततं, बाईला गरगरतं, घाम फुटतो, बाळाचाही रक्तपुरवठा घटतो. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली दुमडलेली चादर, ही सोयीची बैठक. खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या टेकणीवर हात टेकले तरी चालतं. मांडी घालून बसणं जड झालेल्या बायकांना हेच बरं पडतं.

पोटऱ्यांचं प्रकरण आणखी नाजूक. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त लवकर गोठावं अशी शरीराची तयारी असते. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून ही तरतूद. पण त्यामुळेच पायाच्या खोल शिरेत गाठ धरण्याची शक्यता एरवीच्या चार-पाच पट होते आणि बाळंतपणानंतर ती आणखी वाढते. अशी गाठ दाबानं सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून पोटरी कधी मुठीनं मळायची नाही. तळहातानं, घोट्याकडून गुडघ्याकडे, वरच्यावर. दोन्ही पायांना सूज असणं नेहमीचं. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर तेलाची वाटी खाली ठेवायची आणि रिक्षा बोलवायची. सूज अचानक चेहऱ्यावर आणि हातांवर आली, बांगड्या रुतू लागल्या, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तर तो वाढलेल्या रक्तदाबाचा इशारा असू शकतो. हा धोका बाळंत झाल्यावरही सहा आठवडे राहतो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. "डोकं धरलंय, जरा तेल चोळा," असं बाळंतीण म्हणाली तर आधी रक्तदाब बघावा, तेल मागून.

आता बाळंतपणानंतरचं पोट. बाळ बाहेर आलं की गर्भाशय बेंबीच्या उंचीवर असतं, वजन सुमारे एक किलो. रोज साधारण बोटभर खाली सरकत ते दहा-बारा दिवसांत ओटीपोटाच्या हाडाआड जातं आणि सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं. शरीरात इतक्या वेगानं आटणारं दुसरं काही क्वचितच असेल. हे काम ऑक्सिटोसिन करतं, आणि बाळ अंगावर प्यायला लागलं की ते स्रवतं. पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच. म्हणजे गर्भाशय जागेवर आणायला पोट रगडावं लागत नाही. पोटावर जोर दिला तर दुखतं, रक्तस्राव वाढू शकतो, सिझरच्या टाक्यांना धक्का बसतो. टाके नसतील तर बेंबीभोवती तळहात नुसता गोल फिरवावा; गॅस सुटतो, बाईला आराम वाटतो, तेवढंच त्याचं काम.

पोट बांधण्याची गोष्ट मात्र मला फार आवडते, कारण तिच्यामागचा विचार लिहिलेला सापडतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून मोठ्या वस्त्रानं गुंडाळायला सांगितलं आहे, आणि कारणही दिलं आहे: पोटात रिकामी झालेली जागा वायूला मिळू नये. आपल्या आज्या 'वारा शिरतो' म्हणतात, त्या वाऱ्याचं हे मूळ. आजची भाषा निराळी. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब जातात, आणि नंतरचे काही आठवडे पोटाला पुढून धरून ठेवणारं काही नसतं. सुती लुगड्याचा पट्टा तोवर उसना आधार देतो. सिझरनंतर उठताना, खोकताना त्यानं दुखणं कमी होतं. पण पोट 'आत जावं' म्हणून पट्टा आवळला की पोटातला दाब खाली ढकलला जातो. तिथले स्नायू आधीच ताणून थकलेले असतात. पुढं हसताना-शिंकताना लघवी होणं, अंग बाहेर येणं, ह्या तक्रारींना तो हातभार लावू शकतो. कसोटी सोपी आहे: पट्टा बांधल्यावर पूर्ण श्वास घेता आला पाहिजे आणि दोन बोटं आत गेली पाहिजेत. तो दिवसा बांधावा, झोपताना सोडावा. पोटाचे आणि खालचे स्नायू खरोखर घट्ट होतात ते व्यायामानं. तो शिकवायला आता फिजिओथेरपिस्ट आहेत, कराडसारख्या ठिकाणी त्याचं शिक्षणही मिळतं. तरी शेजारपाजारी पट्ट्याची चौकशी होते तशी व्यायामाची होत नाही.

सिझर झालेल्या बाईला मालिश बंद असंही नव्हे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर हात, पाऊल, डोकं, मान यांची सुरुवात लवकर करता येते. पाठीची मालिश कुशीवर किंवा बसवून. पालथं झोपवायचं नाही, टाक्यांच्या आसपास तेल न्यायचं नाही. व्रण भरल्यावर, सहा-आठ आठवड्यांनी, त्याच्या कडेची कातडी बोटांच्या टोकांनी हलवत राहावी म्हणजे ती आत चिकटून बसत नाही. हे जाणत्याकडून एकदा शिकून बाईनं स्वतःच करावं.

छातीच्या बाबतीत शास्त्रानंच आपलं मत फिरवलं आहे. दूध साचून गाठ धरली की गरम शेकावं, गाठ दाबून फोडावी, दूध पिळून काढावं, असं दवाखान्यातही सांगायचे. स्तनपान क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२२ साली नव्या सूचना दिल्या, त्या ह्याच्या जवळजवळ उलट. गाठ हा दुधाचा घट्ट गोळा नसून मुख्यतः नळ्यांभोवतीची सूज असते; दाबून फोडायला गेलं की ऊतींना इजा होते, सूज वाढते. म्हणून थंड पट्टी, बाळाला नेहमीसारखं पाजणं, आणि हात लावायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवावा तितक्या हलक्या हातानं, काखेच्या आणि गळ्याखालच्या हाडाच्या दिशेनं. गाठ फोडण्यात तरबेज म्हणून ज्या मावशींचं नाव आहे, त्यांना हे पटवणं अवघड जाणार.

आणि शेगडी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर बाळंतीण, दारं-खिडक्या बंद, आत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या सालींची धुरी. आठवणीत हा वास फार गोड असतो. पण बंद खोलीतला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि धूर नवजात बाळाच्या फुप्फुसाला कुठल्याच कारणानं मानवत नाही. उबेसाठी गरम पाण्याची पिशवी, जाड चादर एवढं पुरे. तसाही काश्यपसंहितेचा रोख असा की बाळंतिणीचे उपचार प्रदेश पाहून बदलावेत. माधवनगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटवणाऱ्यांनी निदान तेवढं ग्रंथवचन पाळावं.

बाळंतिणीला चाळीस दिवस जपण्याची चाल आपलीच नव्हे. चिनी बायका 'महिना बसतात'. मलेशियात बाळंतिणीला मालिश, गरम शेक आणि लांब कापडी पट्टा देणाऱ्या दायांची जुनी परंपरा आहे. तिथल्या सरकारनं २००७ पासून काही सरकारी रुग्णालयांत पारंपरिक उपचारांचे विभाग उघडले, त्यांत बाळंतपणानंतरची मालिश आहे. दायांना मोडीत न काढता शिकवून आत घेतलं. आपल्याकडे उलटं घडलं: मालिशीचं नाव झालं, पण बाळाच्या. १९७० च्या दशकात फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉये यांनी कलकत्त्यातल्या एका आईची बाळाला मालिश करण्याची रीत पाहून 'शांतला' हे पुस्तक लिहिलं आणि युरोपातल्या आया भारतीय मालिश शिकू लागल्या. आईच्या मालिशीवर तसं गाजलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. संशोधनही बाळाकडेच वळलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात खोबरेल तेलानं मालिश केलेल्या, दिवस पुरे न भरलेल्या बाळांचं वजन अधिक वेगानं वाढलेलं दिसलं. २०२२ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेनंही निरोगी बाळाच्या हलक्या मालिशीला दार उघडं ठेवलं. आईबद्दल ठोस शब्द आहे तो कळांच्या वेळचा: २०१८ च्या सूचनांत, बाई मागत असेल तर कळा सोसण्यासाठी मालिशीचा आधार द्यावा, असं आहे. कळ आली की पाठीच्या खालच्या त्रिकोणी हाडावर तळहात टेकून स्थिर दाब देणं, हे नवऱ्यालाही दहा मिनिटांत शिकता येतं. बाळंतखोलीत त्याला आत सोडलं तर.

मालिशीतून आणखी एक गोष्ट साधते, तिला कुणी मालिश म्हणत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या रुग्णालयात आलेल्या आयांचा अभ्यास केला. २००२ साली तो छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण ही कारणं होतीच, आणि जिला मुलगी झाली तिच्या बाबतीत हे धोके अधिक जाचत होते. अशी बाई डॉक्टरांपुढं काही बोलत नाही. तेलाचा हात पाठीवरून फिरत असताना, तोंड भिंतीकडे असताना, ती बोलते. "काय गं, रात्री रडलीस व्हय?" हा प्रश्न मावशी विचारू शकतात, कारण त्या सासरच्याही नसतात आणि माहेरच्याही. उत्तर ऐकून काय करायचं, कुणाला सांगायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य-स्वयंसेविका, येतात त्या मोजक्या वेळा, दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा खेपा. मावशी रोज येतात. दोघींची गाठ मात्र पडत नाही, कारण एक सकाळी सातला येते आणि दुसरी दुपारी.

मावशी निवडताना घरचे लोक किती तेल लागेल ते विचारतात. त्याऐवजी पहिल्या दिवशी मावशी काय करतात आणि काय विचारतात ते बघावं. नखं कापलेली आहेत का, बांगड्या-अंगठी काढून ठेवली का, हात साबणानं धुतले का. टाके आहेत का, कुठं आहेत, अंगावरून किती जातंय, ताप आला होता का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, घाण वास येत असेल, अंग तापलेलं असेल, तर ज्या मावशी "आज तेल नको, आधी डॉक्टरकडं न्या" म्हणतील त्या आपल्या. आणि अंघोळीनंतर बाळंतिणीला एकटं उभं राहू देत नाहीत त्याही, कारण कढत पाण्यानंतर उठलं की भोवळ येते आणि न्हाणीघराची फरशी ओली असते.

सव्वा महिना भरला की मावशींची ओटी भरतात, साडी देतात. ठरलेले पैसे वेगळे. शेवटच्या दिवशी बहुतेक घरांत एक घोळ होतो: बाळाला त्या हाताची सवय झालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या पायांवर ते रडून घर डोक्यावर घेतं. मग मावशींना निरोप जातो, "आणखी आठ दिवस या." त्या येतात. आईला विचारतात, "तुझं बी चोळू?" ती आजीकडे बघते. आजी म्हणते, "आता तिचं काय, झाला की सव्वा महिना." मावशी उरलेलं तेल वाटीत तसंच ठेवतात, बाळाचे पाय पुसतात, आणि जाता जाता आईच्या खांद्यावर दोनदा हात फिरवतात.